एकशे सदतीस चाब्या अन् चिमूटभर सोनामुखी

पहिले एक गोष्ट छातीठोक सांगून टाकतो. आमच्या गावात पहाटे पाच ते सात या टाइमात माह्या धाकानं कोणी उघड्यावर खाली बसू शकत नव्हतं! हसू नका. आठ महिने मी हे करून दाखवलं आहे.

मी म्हंजे भोजराज, किराणा दुकानवाला. अड्याळच्या पुढं, तलावाच्या काठी आमचं गाव आहे. नाव नाही सांगत, गावानं मना केलं आहे. का मना केलं ते समोर येईलच. तं मी होतो गावच्या गुड मॉर्निंग पथकाचा अध्यक्ष. हे काय असते ते शहरातल्या लोकांले सांगावं लागते. पहाटे उठाचं, गळ्यात शिट्टी अडकवाची, हातात ब्याटरी घ्याची अन् तलावाच्या पाळीवर, म्हंजे बांधावर, जाचं. तिथं बेशरमच्या झुडपामागं कोणी टमरेल घेऊन बसलेला दिसला का शिट्टी! माणूस दचकून उभा झाला का त्याच्या गळ्यात झेंडूचा हार, मंग टाळ्या, मंग फोटो. अन् तो फोटो पंचायतीच्या फलकावर! मंग तो माणूस पुन्हा पाळीकडे पाहत बी नाही.

पथकात आम्ही तिघं. बचत गटाच्या उषाबाई, शाळेतले संघपाल मास्तर अन् मी. उषाबाई हार घालत, मास्तर फोटो काढत अन् रजिस्टरात नाव लिहीत. शिट्टी फक्त माही. गावातले पोट्टे मले शिट्टीशेठ म्हणत, अन् मले ते आवडे बी.

आता आतली गोष्ट सांगतो. सांगताना लाज वाटते, पण आता लाजाले राह्यलंच काय आहे! ज्या माणसानं अख्ख्या गावाले संडासात बसवलं, त्याले सोताले संडासात होत नव्हतं.

बापा, मी लहानपणापासून पाळीवरचा माणूस! समोर तलाव, पाठीवर वारा, दोन झुडपं सोडून डोमाजी. डोमाजी माह्याहून वीस वर्षांनी मोठे, पण तिथं सगळे बरोबरीचे. कोणाची पोरगी कुठं दिली, कोणाच्या बोडीत, म्हंजे वावरातल्या तळ्यात, पाणी किती, सगळ्या बातम्या मले तिथंच कळत. घरी संडास होता ना! सरकारी योजनेतून बांधला होता. पण तीन वर्षं त्यात दुकानातले साबणाचे खोके ठेवले होते. अध्यक्ष झालो त्या दिवशी खोके बाहेर काढले. आमची कुंता म्हणे, "चला, साबणाचा वनवास संपला." कुंता म्हंजे माही बायको. तिचं बोलणं असंच आहे.

अन् मंग मी त्या चार बाय चारच्या खोलीत दरवाजा लावून बसाले लागलो. न वारा, न तलाव, न डोमाजी! समोर फक्त दरवाजावर टांगलेलं कॅलेंडर. त्यातले सगळे सणवार अन् उपासतापास मले पाठ झाले, पण ज्या कामासाठी बसलो ते काही होईना. पहिले दोन दिवसांआड, मंग चार दिवसांआड, मंग आठवड्यातून एकदा. अन् डिसेंबरात तं गाडी अशी अडली का अकरा दिवस हललीच नाही!

अकरा दिवस! तुम्ही करून पाहा. भूक मेली. पोट ढोलावानी टणक झालं. गिऱ्हाईकानं पाव किलो साखर मागतली तं मले रडू याचं. कोमट पाणी पेलो, पपया खाल्ल्या, दुकानातलं इसबगोल सगळं मीच संपवलं. कुंता म्हणे, "अवो, डॉक्टरले दाखवा ना जी."

"कोणत्या तोंडानं दाखवू?" मी म्हणलं. "तिथला कंपाउंडर हातात सुई घेऊनही बडबड करते. अध्यक्षालेच संडास होत नाही, ही बातमी दुपारच्या आत अड्याळच्या बाजारात पोचल!"

"मंग बसा असेच," कुंता म्हणे. "ढाल घ्याले मंचावर गेले अन् तिथंच फुटले म्हंजे झालं."

ढालीचं सांगतो. स्वच्छ गावाची ढाल असते. जिल्ह्याची टीम येऊन गाव पाहते, अन् ज्याचं गाव पास त्याच्या अध्यक्षाले भंडाऱ्याले मंचावर बोलावून ढाल देते. टीम येणार होती गुरुवारी, अकरा वाजता. मांगच्या साली ती ढाल बाजूच्या गावानं नेली होती अन् वर्षभर त्या लोकांनी आमच्या नाकाखालून मिरवली. या साली उषाबाईनं अन् गटाच्या बायांनी आठ महिने घाम गाळला होता. ज्या घरी नळ नाही तिथं बाया डोक्यावर पाणी नेऊन देत. कुंतानं मंचासाठी नवी साडी काढून ठेवली होती. अन् टीमसमोर मले भाषण द्याचं होतं, विषय 'नियमित सवयीचे महत्त्व'! तुम्हीच सांगा, अशा पोटानं मी काय भाषण देऊ?

शेवटी बुधवारी सकाळी कुंता म्हणाली, "नत्थूकडे जा. त्याले जंगलातला पाला समजते."

नत्थूचं नाव काढताच पोटात अजून एक गाठ बसली. कारण काय, का नत्थूले मी तीन वेळा पकडलं होतं! तीन हार, तीन फोटो. त्यातला मोठा फोटो अजून फलकावर. तो बिचारा सांगत होता का माह्या संडासाले दरवाजा लागाचा आहे जी, घरात तरणी पोरगी, बिनदरवाजाच्या संडासात आम्ही कसे बसू? मी म्हणलं, नियम म्हंजे नियम. मंग उन्हाळ्यात दरवाजा लागला अन् तो पुन्हा पाळीवर दिसला नाही. पण फोटो तिथंच राह्यला.

गेलो. काय करता! नत्थू अंगणात हिरडे वाळवून राह्यला होता. मले पाहून उभा झाला अन् दोन्ही हात वर केले.

"घरातच होतो जी, शेठ! पाळीवर नाही गेलो!"

"तसं नाही रे बाबा," मी हळूच म्हणलं. "माहंच काम आहे. पोटाचं."

"किती दिवस?"

"अकरा."

नत्थू मांग सरकला. "अकरा? अन् मले तुम्ही तीन दिवसांत तीनदा पकडलं होतं!"

मी मान खाली घातली. त्यानं आतून एक पुडी आणली. सुकलेला, हिरवट-पिवळा, बारीक पाला.

"सोनामुखी," तो म्हणे. "एक चिमूट. ऐकलं ना जी? एकच चिमूट. कपभर पाण्यात उकळा, गाळा, झोपतानी प्या. मंग दहा तास त्याच्याकडे पाहू नका. तो पाला सावकाश येते, पण आला का कोणाचं ऐकत नाही."

"दहा तास कायले लागते?"

"मले काय मालूम! त्याचा टाइमच तेवढा आहे."

मी पुडी खिशात घातली अन् म्हणलं, "तुले काय देऊ?"

नत्थूचा आवाज एकदम पडला. "काही नको जी. तो फोटो काढा फक्त. पोरीले पाह्याले लाखांदूरचे पाहुणे येऊन राह्यले. पंचायतीसमोरूनच येतीन. बापाचा फोटो पाहतीन तं काय म्हणतीन?"

मले वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण टीम येणार होती अन् फलक भरलेला दिसला पाह्यजे होता. मी म्हणलं, "टीम गेली का काढतो. शब्द आहे भोजराजचा." तो पुन्हा हिरडे वाळवाले बसला.

आता माही हुशारी ऐका. त्याच दिवशी संध्याकाळी पंचायतीसमोर सभा घेतली. गावात संडास एकशे अडतीस. सगळे धुतले, रंगवले, चमकवले. पण आपल्या लोकांचं मले मालूम आहे! सकाळी एक चक्कर झाली का पुन्हा जसेच्या तसे. म्हणून मी हुकूम काढला.

"आज रात्री जेवणाच्या पहिले सगळ्यांनी उरकून घ्या. मंग संडास धुवा, पुसा अन् कुलूप लावा. कुलपं मी ठोकात आणली, माह्या दुकानातून न्या, काम झालं का वापस करा. चाब्या सगळ्या माह्याजवळ. उद्या मॅडम आल्या का एकेक दरवाजा उघडू. संडास आरशावानी दिसला पाह्यजे!"

उषाबाई उभ्या झाल्या. "अन् सकाळी बायामाणसानं कुठं जाचं जी?"

"अकरा वाजेपर्यंत कळ काढा! एका सकाळची तं गोष्ट आहे. मी तं अकरा..." म्हणता म्हणता जीभ चावली. "अकरा वाजता टीम येते, असं म्हणतो मी."

संघपाल मास्तर म्हणाले, "भोजराजभाऊ, चाब्यांना नावाच्या चिठ्ठ्या बांधू. कुलपं सगळी एकसारखी आहेत."

"मास्तर, ही शाळा नव्हे!" मी म्हणलं. "दिवस बुडाले आला. कुलूप दाबलं का लागते, चाब्या आताच थैलीत टाका. पहिली चाबी अध्यक्षाची, नियम सगळ्यांले सारखा!" अन् सगळ्यांसमोर माही चाबी थैलीत टाकली, खणकन्! काय टाळ्या पडल्या म्हणता! त्या टाळ्यांवर मंग एकशे छत्तीस चाब्या पडल्या.

फक्त नत्थूनं दिली नाही. म्हणे, "मी संडास वापराले बांधला जी. दाखवाले नाही बांधला."

"तुह्यापायी ढाल गेली तं पाहून घेईन!" मी म्हणलं अन् थैली घेऊन घरी आलो. मनात हिशोब पक्का होता. थैली माह्याच घरी आहे. आता आठ वाजता पाला घेतला तं सहा वाजता काम. सकाळी आपली चाबी काढू, उरकू, पुन्हा कुलूप लावू. कोणाले पत्ता लागणार नाही.

आठ वाजता चिमूटभर पाला उकळला. कुंतानं पाह्यलं. "कायचं पाणी होय जी?"

"गळ्यासाठी काढा आहे. उद्या भाषण आहे."

"गळा मोकळा होऊन काय कराचं," ती म्हणे अन् भांडे घासाले गेली.

पेलो. बसलो. साडेआठ झाले, काहीच नाही. नऊ झाले, पोट मुकं! आता मी किराण्याचा माणूस. चहापत्तीचा मले तीस वर्षांचा अनुभव. चिमूटभर पत्तीनं चहाले रंग येते का? पाण्याची चेष्टा होते! अन् अकरा दिवसांचा माल चिमटीनं कसा हलंल? मी म्हणलं, नत्थूनं मुद्दामच कमी सांगतलं असल, फोटोचा राग. मंग घेतली मूठ. भरली मूठ! टाकली भांड्यात, काळा कडू काढा केला अन् नाक दाबून पेलो. अन् झोपलो.

पाच वाजता जाग आली. पोटावर हात ठेवला. दगड! सहाले दहा कमी, तरी दगड. मले इतका राग आला म्हणता! म्हणलं, फसवलं नत्थूनं. आता अशाच पोटानं भाषण देऊ, ढाल घेऊ अन् मंचावर मरू. थैलीले हात बी लावला नाही. पथकाले मीच सुट्टी दिली होती, गावाले ताकीद दिली होती, म्हणून पाळीवर जाचंही काम नव्हतं.

तेवढ्यात दारासमोर जीप थांबली. संघपाल मास्तर घाबरेघुबरे धावत आले. "भोजराजभाऊ, टीम आली!"

"आत्ता? अकरा वाजता येणार होती ना?"

जीपमधून एक मॅडम उतरल्या. रत्नमाला मॅडम, डोक्याले स्कार्फ, हातात फाइल. "आम्ही सांगितलेल्या वेळेला कधीच येत नाही," त्या हसून म्हणाल्या. "खरं गाव सकाळीच दिसतं. चला, तुमचं पथक कसं काम करतं ते बघू. तलावाकडे जाऊ या."

मी म्हणलं, जाऊ ना! पाळीवर काळं कुत्रं नसल आज. गळ्यात शिट्टी घातली. उषाबाईले बोलावलं, त्या हार घेऊन आल्या. आम्ही निघालो. शाळेजवळ पोचलो अन् पोटात पहिल्यांदा कोणीतरी दरवाजा वाजवला.

एकदा. मंग दोनदा. मंग, माय वं, असा मुरडा पडला का डोळ्यांसमोर सकाळची संध्याकाळ झाली! पहिले आली ती नत्थूची चिमूट. तिच्या मागून येऊन राह्यली होती माही मूठ!

"मॅडम," मी कसाबसा म्हणलं, "तुम्ही व्हा समोर. मी रजिस्टर घेऊन येतो."

मास्तर म्हणाले, "रजिस्टर माझ्याकडे आहे."

"दुसरं रजिस्टर!" मी ओरडलो अन् पळालो.

घर गाठलं. थैली अंगणात पालथी केली. एकशे सदतीस चाब्या! सगळ्या एका कंपनीच्या, एका मापाच्या, एका रंगाच्या. अन् माही कोणती? तं सगळ्यात पहिले टाकलेली, म्हंजे सगळ्यात खालची. अन् थैली पालथी केल्यावर खालची कोणती अन् वरची कोणती!

"कुंता! धाव!"

कुंता आली. माहा चेहरा पाहून तिले सगळं समजलं. आम्ही दोघं खाली बसलो. ती चाबी देई, मी कुलपात घालू. नाही लागत! दुसरी. नाही! दहा झाल्या, वीस झाल्या. पाय एकमेकाले गुंडाळलेले, घाम डोळ्यात. बाविसाव्या चाबीले कुंता म्हणे, "अजी, ही तं मघाच लावली होती." झालं! लावलेल्या अन् न लावलेल्या मी एकाच ढिगात टाकून राह्यलो होतो!

मी कपाळ दरवाजावर टेकवलं. खरं सांगतो, जन्मात इतकं एकटं मले कधी वाटलं नाही. माहा संडास, माहं कुलूप, माहाच हुकूम, अन् मी बाहेर.

"नत्थूचा उघडा आहे," कुंता म्हणाली. "जा तिकडे."

"मेलो तरी नाही जाणार!"

"मंग मरा," ती म्हणाली, पण टमरेल भरून हातात दिलं. बायको ते बायको.

नत्थूचं घर गावाच्या त्या टोकाले. तेवढा टाइम नव्हता. पाळीचं मांगचं टोक आमच्या वावराच्या बाजूनं दोन मिनिटांवर. म्हणलं, पथक समोरून येऊन राह्यलं, शाळेकडून. आपण मांगून जाऊ, उरकू, अन् मांगूनच निघू. पाळीवर आज कोणी नाही. धावलो. कसा धावलो ते विचारू नका. धानाच्या कापलेल्या बांध्यांतून, एक हात पोटावर, एक हात टमरेलावर, गळ्यात शिट्टी नाचून राह्यली.

पाळीवर चढलो अन् बेशरमच्या पहिल्या झुडपामागं शिरलो.

"माणूस आहे!" आतून आवाज आला.

दुसऱ्या झुडपाकडे गेलो. "भाऊ, आहे इथं!" तिसऱ्याकडे गेलो, तिथं दोघं. अगा बापा! धुकं जरा फाटलं तं पाह्यलं, अख्खी पाळ भरली होती! आठ महिन्यांत अशी भरली नव्हती! पाळीच्या खालच्या अंगानं सगळा पुरुषवर्ग, झुडूप दर माणूस. अन् बाया? त्या बिचाऱ्या दूरच्या तुरीच्या वावरात. अन् जाणार बी कुठं! एकशे सदतीस संडासाले कुलूप, चाब्या माह्या अंगणात!

"भोजराज, अबे इकडे ये," कोणीतरी हळू हाक मारली. डोमाजी! "तुही जागा रिकामीच आहे. तुमचं पथक गेल्यावर मी येत होतो, आठ महिन्यांपासून कोणाले बसू नाही देलं तिथं."

त्या टाइमाले माह्या डोळ्यात पाणी आलं. माणसाची माया काय असते ते मले त्या झुडपामागं समजलं. माही तीच जागा. समोर तलाव, पाठीवर गार वारा. मी बसलो, अन् अकरा दिवसांचा अडलेला अध्यक्ष मोकळा झाला. बाकी सांगत नाही. डोमाजी दोन झुडपं सोडून इतकंच म्हणाले, "बरं झालं बापा."

अन् शिट्टी वाजली!

उषाबाईनं तोंडात दोन बोटं घालून वाजवली. माही शिट्टी माह्याजवळ होती ना! अन् माहाच नियम होता, शिट्टी वाजली का प्रत्येकानं उभं व्हाचं. आठ महिन्यांची सवय. एका झटक्यात पाळीवरची चाळीसेक माणसं धोतरं, लुंग्या, पायजमे सावरत उभी झाली. प्रत्येकाच्या हाती टमरेल. धुक्यात असं वाटे का पाळीवर आता झेंडावंदन होणार आहे!

मॅडम जागीच थिजल्या. उषाबाईच्या हातात हार एकच होता.

"हे काय आहे?" मॅडम म्हणाल्या. "तुमचं गाव तर शंभर टक्के हागणदारीमुक्त आहे ना? घरी शौचालय नाही का तुम्हाला?"

"आहे ना जी!" चाळीस आवाज. "कुलूप लावलं आहे!"

"कुलूप कोणी लावलं?"

"अध्यक्षांनी!"

"आणि किल्ल्या?"

"अध्यक्षांकडे!"

"अध्यक्ष कुठे आहेत?"

 चाळीस मुंड्या हळूहळू एका झुडपाकडे वळल्या. मी एकटाच अजून खाली होतो! काय करावं? बुद्धी तेव्हाच पोटासोबत वाहून गेली होती. मी एकदम उभा झालो, जोरात शिट्टी फुंकली अन् ओरडलो, "पकडले! मॅडम, मी मांगून येऊन सगळ्याइले पकडले!"

मॅडमनं माह्या हाताकडे पाह्यलं. टमरेल होतं. मंग दुसऱ्या हाताकडे पाह्यलं, त्यात मी पायजम्याची नाडी धरून राह्यलो होतो. संघपाल मास्तरांनी सवयीनं फोटो काढला. त्यांची काही चूक नाही, माहाच नियम होता.

उषाबाई समोर आल्या. त्यांचा चेहरा मले अजून दिसते. राग नव्हता, त्याच्यापेक्षा वाईट होतं. "आठ महिने आम्ही बायांनी डोक्यावर पाणी वाह्यलं, भोजराजभाऊ," त्या म्हणाल्या अन् माह्या गळ्यात हार घातला. टाळ्या कोणी वाजवल्या नाही, फक्त मास्तरांनी हारासकट दुसरा फोटो काढला. जीव द्यावा वाटलं, पण पोटानं तेवढीही सवड देली नाही. पुन्हा मुरडा! मी हारासकट पुन्हा झुडपामागं गेलो.

आतून ऐकलं ते सांगतो. मॅडमचा आवाज जरा खाली आला होता. "बाई, इथं... एखादं उघडं शौचालय आहे का? आम्ही पहाटे चारला निघालोय."

अन् तेव्हा नत्थूचा आवाज आला. तो गलका ऐकून घरून आला होता, तोंडात निंबाची काडी. "या ना जी, माह्या घरी. उघडंच आहे. पाणी आहे, साबण आहे, दरवाजा बी आहे."

मॅडम गेल्या. आल्या तं फाइल उघडून दहा मिनिटं लिहीत होत्या.

त्या दिवशी संघपाल मास्तर, कुंता अन् गटाच्या बाया मिळून संध्याकाळपर्यंत चाब्या लावत होते. मी मदतीले नव्हतो. मी नऊ वेळा नत्थूच्या दारात होतो. पाचव्या वेळेले त्यानं विचारलं, "शेठ, किती घेतला होता?"

"मूठ," मी दरवाजाआडून म्हणलं.

नत्थूनं बाहेर बाल्टी उचलली, ती खणकली. मंग म्हणाला, "पाणी संपलं असल, अजून एक बाल्टी ठेवतो." त्यानं टोमणा मारला असता तं बरं झालं असतं. मले दरवाजाआड रडू आलं. पोट दुखत होतं हे बी खरं आहे.

ढाल पुन्हा बाजूच्या गावाले गेली. पण मॅडमनं एक वेगळं प्रमाणपत्र पाठवलं, 'वापरातले आदर्श शौचालय', नत्थूच्या नावानं. भंडाऱ्याले मंचावर तो गेला, त्याची बायको गेली, उषाबाई गेल्या. कुंताची नवी साडी बी गेली. कुंतानं ती नत्थूच्या बायकोले नेसाले देली. मी घरी होतो, ताक-भात खात.

नत्थूले देलेला शब्द मातर मी पाळला. पाहुणे याच्या पहिले फलकावरचा त्याचा फोटो सोता काढला. जागा रिकामी बरी दिसत नाही म्हणून पंचायतीनं तिथं दुसरा लावला. गळ्यात हार, गळ्यात शिट्टी, हातात टमरेल, मांग तलाव. लाखांदूरचे पाहुणे म्हणे तिथं थांबून पोट धरून हसले, अन् लगीन पक्कं झालं. नत्थूनं पहिली पत्रिका मले आणून देली.

कुंता विचारते, इतकी अब्रू घालवून तुम्हाले मिळालं काय? मी तिले सांगत नाही, तुम्हाले सांगतो. ती पाच मिनिटं, तो वारा, डोमाजीनं धरून ठेवलेली जागा! तसं सुख मले पुन्हा भेटलं नाही.

पुन्हा म्हंजे खरंच पुन्हा नाही. आता पथकाचा अध्यक्ष नवा आहे अन् तो माह्यापेक्षा कडक आहे, पाळीवर पाखरूही बसू देत नाही. मी आपला चार बाय चारच्या खोलीत नव्या सालाचं कॅलेंडर पाठ करून राह्यलो आहे. आज नववा दिवस. पाला नत्थूकडेच भेटते, अन् शिट्टी बी आता त्याच्याच गळ्यात आहे.